कोठीचं तेल

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, “काकू, तुमच्या व्यवसायातल्या सुगंधी आठवणी लिहून द्या.” अत्तराच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईच्या आठवणी सुगंधीच असणार, असा त्यांचा समज. चपलेच्या दुकानदाराकडे त्या चामडी आठवणी मागत नसतील, अशी आशा आहे. पण मला एक गोष्ट लिहायची होतीच, नुसतं निमित्त हवं होतं, म्हणून हो म्हटलं. सुगंधाची हमी मात्र देत नाही.

आमचं दुकान पंचवटीत, गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो आणि कोणी दुरुस्त करायला गेलं तर त्याच्याकडे दयेनं बघतो. दुकान सासऱ्यांनी मांडलेलं. नवरा स्वभावानं इतका भिडस्त, की गिऱ्हाईक नाक मुरडायच्या आत हाच कुपी परत कपाटात ठेवायचा. शेवटी सासऱ्यांनी त्याला माल आणायच्या कामाला लावलं आणि गल्ल्यावर मला बसवलं. पुढच्या बाजूला काचेच्या कपाटांत कुप्या, त्यातलं एक कपाट पायरीच्या कडेला तिरकं, आणि मागे कोठी. कोठीत पोती: वाळा, नागरमोथा, जटामांसी, गव्हला कचोरा, ऊद, राळ, देवदाराची ढलपी. दिवाळीत उटण्याचं सामान, एरवी धुपाचं. कोठीत पाऊल टाकलं की आधी शिंक यायची, मग वास. मी तिथून घरी गेले की मुलं शाळेच्या अभ्यासातून मान वर न करताच म्हणायची, आई आली.

आता धंद्याबद्दल थोडं. अत्तर म्हणजे फवारायचं पाणी नव्हे, तेल. मनगटावर लावायचं, कानामागे लावायचं, नाहीतर कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत खोचायचा. अंगाच्या उबेनं ते हळूहळू उलगडतं. फुलांचा भाग आधी उडून जातो, लाकूड आणि मुळं मागे रेंगाळतात. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की अंगावरचा वास लावणाऱ्याला थोड्याच वेळात येईनासा होतो. नाक सरावतं. शहाण्याला हे माहीत असतं. बाकीचे पुन्हा लावतात, मग आणखी लावतात, आणि रिक्षात त्यांच्या शेजारी बसलेल्याला डोकं बाहेर काढून प्रवास करावा लागतो. पिंपळगाव बसवंतचे एक कांद्याचे व्यापारी अंगाचा कांदा लपवायला गुलाब न्यायचे. आम्ही सांगायचो, जरासा लावा. ते भरपूर लावायचे. परिणाम असा झाला, की पूर्वी लोकांना नुसता कांदा समजायचा, आता शेठ कोपऱ्यावर आले की कांदा आणि गुलाब दोघंही येताना समजायचे.

सासऱ्यांचा एक दंडक होता: कोण काय लावतं हे दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार मिशांना हिना लावायचे आणि बायकोला सांगायचे, साबणाचा वास आहे. त्यांची बायको माझ्याकडून मोगरा न्यायची आणि नवऱ्याला सांगायची, उदबत्तीचा वास आहे. दोघंही माझ्यासमोर एकमेकांच्या साधेपणाचं कौतुक करायचे आणि मी कुप्या पुसत बसायचे. हा दंडक मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि मोडूनही काही उपयोग झाला नाही. तीच गोष्ट सांगायची आहे.

कोठीचं तेल हे माझं स्वतःचं. सासऱ्यांच्या माघारी मी ते जमवलं. कोठीत जो एकवटलेला वास आहे तो कुपीत भरता येईल का, असा नाद लागला होता. देवदार आणि नागरमोथ्याच्या तेलात ऊद आणि जटामांसी मंद आचेवर मुरवायची, जाड कापडातून गाळायची, आणि शेवटी दवण्याच्या तेलाचे थेंब. दवणा नसेल तर त्याची नुसती लाकडाची वखार होते. दवण्यानं त्याला धूळ येते, म्हणजे वाळलेल्या पाल्याची, बंद देवघराची, चांगल्या अर्थानं धूळ. जमलं तेव्हा मला फार आनंद झाला. गिऱ्हाइकांना झाला नाही. मनगट हुंगून ती म्हणायची, काकू, हे देवळाच्या मागच्या बाजूसारखं येतंय, त्यापेक्षा मोगराच द्या.

हल्ली माझा मुलगा तेच तेल काळ्या कुपीत घालून विकतो आणि तरण्या पोरांची रीघ लागते. वायनरीत जाऊन द्राक्षाच्या पाण्यात ओकची साल शोधून आलेली ही मंडळी. मनगट नाकाशी धरून डोळे मिटतात आणि म्हणतात, यात एक जुनं ग्रंथालय आहे. एका मुलीनं मला विचारलं, “आजी, याचं वातावरण कसं आहे?” मी म्हटलं, अंशतः ढगाळ. तिनं मान डोलावली आणि कुपी घेतली. पूर्वी माणूस अंगाचा वास झाकायला अत्तर लावायचा, आता अंगाला वातावरण लावतो. असो, माझं तेल खपतंय, मी का कुरकुरू.

पण या पोरांच्या बरंच आधी त्या तेलाला एकच गिऱ्हाईक होतं. पांढरी बंडी, कपाळाला गंध, आवाज मुद्दाम खाली आणलेला असा एक माणूस. आला, सगळ्या कुप्या हुंगल्या, आणि या तेलापाशी थांबला. कोणासाठी, असं मी विचारलं नाही, पण तोच म्हणाला, देवाला लावायला. मग तो नेमानं यायला लागला आणि दर खेपेला कुपी मोठी होत गेली. मी एकदा म्हटलं, तुमचा देव फार घामट दिसतो. त्याला ते आवडलं नाही.

देव कोण हे मला यमुनेकडून कळलं. यमुना मखमलाबादकडची. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. रोज सकाळी टोपली घेऊन गल्लीत यायची, दुकानादुकानांतल्या तसबिरींना हार घालायची, आणि शेवटी आमच्या पायरीवर बसून माझ्याबरोबर चहा प्यायची. जिभेनं फटकळ, कामाला वाघ. नवरा बऱ्याच आधी वारलेला. मुलगी एकच, सोनाली. तिला लहानपणापासून फिट यायची. एकदा तर आमच्या पायरीवरच आली होती. पोर फुलांच्या टोपलीवर कोसळली, डोळे फिरले, तोंडाला फेस. मी तिला कुशीवर वळवून बसले होते आणि यमुना देवांची नावं घेत होती. नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबली. पोर कॉलेजात जायला लागली. यमुना त्या गोळ्या स्टीलच्या एका डबीत ठेवायची आणि ती डबी देव्हाऱ्याखाली.

तर ही यमुना एके दिवशी चहा तसाच ठेवून मला सांगायला लागली, की गंगेच्या पलीकडच्या मठात एक महाराज आलेत आणि त्यांच्या अंगातून यज्ञाचा वास येतो. अत्तराचा नाही, साबणाचा नाही. ऊद जाळल्यासारखा, जुन्या लाकडासारखा, दवण्यासारखा. मी कुपी पुसायची थांबले. माझ्या तेलाचं इतकं नेमकं वर्णन आजवर एकाही गिऱ्हाइकानं केलं नव्हतं.

मी तिच्याबरोबर मठात गेले. मोठा हॉल, मऊ खुर्च्या, मागून वारा घालणारा एक भला मोठा पंखा. पंखा महाराजांच्या आसनाच्या मागेच का ठेवलाय, हे तिथं जमलेल्यांत फक्त मलाच समजलं असावं. महाराज आले. त्यांच्या आधी माझं तेल आलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत माना मागे गेल्या, डोळे मिटले गेले, लोक छाती भरून श्वास घ्यायला लागले. माझ्या शेजारी एक निवृत्त इंजिनीअर होते. त्यांनी मला हलक्या आवाजात समजावलं, की माणसाच्या साधनेची पातळी वाढली की शरीरातून सात्त्विक लहरी बाहेर पडतात आणि आपल्या नाकाला त्या उदासारख्या जाणवतात. मी विचारलं, नागरमोथ्यासारख्याही जाणवतात का? ते म्हणाले, प्रत्येकाच्या पात्रतेप्रमाणे.

मला खरं तर संताप यायला हवा होता. आला अभिमान. आपलं पोर स्नेहसंमेलनात नाचत असावं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत असावा, तसं झालं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात दवणा जरा वाढवावा का, याचाच विचार करत होते.

पुढच्या खेपेला पांढरी बंडी आली तेव्हा मी तिला धंद्याचं ज्ञान दिलं. म्हटलं, लावणाऱ्याचं नाक सरावतं, त्यामुळे त्याला वाटतं वास गेला आणि तो जास्त लावत सुटतो; तुमच्या देवाला सांगा, बेताबेतानं. बंडीवाला म्हणाला, वास वाढतोय हे खरं, पण भक्तांचं म्हणणं आहे की तेज वाढतंय. एखाद्यानं अंगावर सबंध कुपी ओतली तर आमच्या गल्लीत लोक रस्ता बदलतात, मठात त्याला अधिकार वाढला म्हणतात.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. लोक हुंगताहेत, हुंगू देत. मी माल विकते, भक्ती विकत नाही, असं मी स्वतःला ऐकवलं होतं आणि ते मला पटलंही होतं.

मग एका सकाळी यमुना आली ती फुललेल्या चेहऱ्यानं. महाराजांनी सोनालीच्या डोक्यावर हात ठेवला होता. म्हणाले होते, हा आजार नाही, बाधा आहे; गोळ्यांनी ती आत कोंडली गेलीये. गोळ्या बंद करा, अंगारा पाण्यातून द्या. आणि यमुनेनं गोळ्या बंद केल्या होत्या. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तिला मी नाही नाही ते बोलले. डॉक्टरीणबाईंना विचारलंस का, पोर गंगेच्या पायऱ्यांवर असताना फिट आली तर काय करशील, विहिरीवर आली तर काय करशील. ती शांतपणे ऐकत राहिली. माणसाला आनंद झालेला असला की त्याला शिव्याही मायेच्या वाटतात.

थोडेच दिवस गेले असतील. यमुना हार घेऊन आली आणि मागोमाग सोनाली, हाताला कोपरापर्यंत पट्टी. चुलीपाशी असतानाच फिट आली होती, हात भाजला होता. नशीब, तेवढ्यावर निभावलं. मी यमुनेकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण तोंडानं ती म्हणाली, महाराज म्हणाले, हे शेवटचं, आतलं बाहेर पडतंय.

त्या दिवशी मी सासऱ्यांचा दंडक मोडला. यमुनेला आत बोलावलं, मोठी बाटली काढली, तिच्या मनगटावर तेल लावलं आणि म्हटलं, हुंग. मला वाटलं होतं, तिचा चेहरा पडेल, मग रागानं लाल होईल, मग ती मठाच्या दिशेनं चप्पल काढेल. तिनं चप्पल काढली, पण दुकानाच्या उंबऱ्याबाहेर नीट ठेवली. परत आत आली, हात जोडले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“काकू, हितं पन आले ते. तुमच्या दुकानात.”

“यमुने, हे तेल मी करते. त्या कोठीत करते. त्यांचा माणूस येऊन घेऊन जातो.”

ती माझ्याकडे जरा कौतुकानंच बघत राहिली. “मंग तुमच्याकडून त्येंनीच करून घेतलं ना. तुम्हाला कुठं काय कळतंय. भाग्याच्या हाय तुम्ही काकू.”

वकिली शिकलेल्या माणसालाही या युक्तिवादाला भोक पाडता आलं नसतं. संध्याकाळपर्यंत बातमी फिरली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानासमोर नारळ आले. एका बाईनं गल्ल्यावर हळद-कुंकू वाहिलं. सात्त्विक लहरींचे इंजिनीअरसाहेब येऊन कोठीच्या दारात डोळे मिटून उभे राहिले, त्यांना शिंका यायला लागल्या, आणि त्या शिंकांचाही त्यांनी काही अर्थ लावला. माझा नवरा भिडस्त. तो येणाऱ्या प्रत्येकाला चहा विचारत होता. मी रागानं नुसती धुमसत होते. खरं सांगितलं तर त्याचाही प्रसाद करून खाणारी माणसं, यांना सांगायचं तरी काय?

आणि तिकडे त्या पोरीचं डोकं रोज फिटची वाट बघत होतं. मला रात्री झोप लागेना. आपण जमवलेल्या वासानं एका पोरीचा जीव जाईल, या विचारानं अन्न गोड लागेना. मठात जाऊन भांडावं, तर भांडणारी काकू अत्तरवाली, आणि समोर अख्खा हॉल डोळे मिटून बसलेला.

अमावास्येच्या सकाळी यमुना आली तेव्हा टोपलीत रुमालात बांधलेली ती स्टीलची डबी होती. महाराजांनी सांगितलं होतं, घरात गोळ्या ठेवल्या की बाधेला परतायला जागा राहते, गंगेत सोडून दे. ती निघालीच होती. फक्त पलीकडच्या मिठाईवाल्याचा हार राहिला होता, तेवढा घालून येते म्हणाली. सोनाली आमच्या पायरीवर पाठ करून बसली होती आणि पट्टीच्या हातानं कशाबशा शेवंत्या निवडत होती.

मी म्हटलं, “डबी इथं गल्ल्यावर ठेवून जा. देवाचं काम आहे, ओल्या टोपलीत नको.”

तिला ते पटलं. ती पलीकडे गेली. मी डबी उघडली. गोळ्या आपापल्या पाकिटांत बंद होत्या, त्यांना तेल लागायची भीती नव्हती. कोठीच्या तेलाचा फाया केला आणि झाकणाच्या आतून फिरवला. कडेला, मध्ये, पुन्हा कडेला. झाकण लावलं, फाया कोठीत टाकला, आणि कुप्या पुसायला बसले.

यमुना परत आली. मी म्हटलं, “सगळ्या गोळ्या आहेत का बघून घे. एखादी घरी राहिली तर पुन्हा अमावास्येची वाट बघावी लागेल.”

तिनं झाकण उघडलं. नाक आत घालून हुंगलं. मग डबी तिनं कपाळाला लावली.

“काकू, महाराज ह्याच्यात हायेत.”

“मला काय कळतंय? नाक तुझं, तू ठरव.”

“मंग गंगेत कशी सोडू? पाप लागंल.” ती पुटपुटत राहिली आणि शेवटी स्वतःलाच म्हणाली, “पोरीला देते. परसाद हाय.”

मी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, की प्रसाद किती द्यायचा हे वाटणाऱ्यानं सांगायचं असतं; गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या हातून आल्यात, तेव्हा मध्ये खंड पडलाय तर आधी त्यांना विचार. तीही गोष्ट तिला पटली. त्याच सकाळी ती सोनालीला घेऊन दवाखान्यात गेली. मी कोठीत जाऊन पोत्यावर बसले आणि रडले. कोणी विचारलं असतं तर धुळीचं कारण तयार होतं.

फिट थांबली. यमुनेनं मठात जाऊन हे सगळं सांगितलं, आणि महाराज एवढे कच्चे नव्हते. त्यांनी डोळे मिटून स्मित केलं आणि भर प्रवचनात म्हणाले, त्या लेकराच्या गोळ्यांत मीच उतरलो होतो. यमुनेनं त्यांना शाल घातली. मला तिनं शेवंतीचा एक गजरा दिला, तोही म्हणे उरलेला होता.

इथं वाचक म्हणतील, काकूंनी खोट्यावर खोट्यानं मात केली, वा. मात वगैरे काही नाही, मी अडकले. डबीचा वास टिकायला हवा, म्हणून यमुना आली की मी ‘दे, पुसून देते’ म्हणायचे आणि झाकणाला हात फिरवायचे. पण त्या वासाला किंमत कशामुळे? महाराजांच्या अंगाला तोच येतो म्हणून. मी त्यांचं तेल बंद केलं असतं तर त्यांनी दुसरीकडून दुसरं काहीतरी लावलं असतं, आणि मग डबीतला वास नुसता वास उरला असता. सोनालीच्या गोळ्या चालू राहायच्या तर महाराजांचा यज्ञही माझ्याच कोठीतून चालू राहायला हवा होता. मी दोन्ही कुप्या भरत राहिले. यमुनेची डबी माझ्या गल्ल्यावर आली म्हणून मला दिसली. त्या हॉलमध्ये डोळे मिटून बसलेल्या बाकीच्यांच्या घरी देव्हाऱ्याखाली काय काय पडून होतं, ते मला कधी दिसलं नाही, आणि मी बघायलाही गेले नाही. हे मला अजून टोचतं.

मग माझे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, मी बरेच दिवस घरी पडून होते, दुकान मुलानं बघितलं. सारखी डबीची काळजी लागलेली. मुलाला काही सांगितलेलं नव्हतं. बरी होऊन मी पहिल्यांदा दुकानात जाऊन बसले, तर सोनालीच आली. आता ती पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जाते, हातावर भाजल्याचा डाग आहे, बोलणं आईसारखंच सरळ. तिनं डबी काढून गल्ल्यावर ठेवली.

“तुम्ही नव्हतात तेव्हा दादाकडून मीच तेल नेलं होतं, लावलंही मीच. पण माझ्या हातून जास्त झालं. आई घाबरली, म्हणाली महाराज रागावलेत. तुम्हीच लावा, नेहमीसारखं.”

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. पाठ होती माझी, पण पायरीशेजारच्या कपाटाच्या काचेत सगळं दिसतं.

“मग बोलली का नाहीस गं?”

“बोलले असते तर गोळ्या गंगेत गेल्या असत्या ना, काकू.”

मी फाया करायला घेतला. तिनं माझा हात धरला. म्हणाली, आता भलतंच झालंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, बरीच वर्षं फिट आली नाही, आता गोळ्या हळूहळू कमी करत बंद करू. आणि आई ऐकत नाही. प्रसाद कसा बंद करायचा म्हणते. एके काळी ज्या बाईनं एका दिवसात गोळ्या थांबवल्या, ती आता डॉक्टरांनी सांगूनही थांबवायला तयार नव्हती. माझंच काम इतकं पक्कं बसलं होतं. आयुष्यभर मी वास जास्तीत जास्त टिकावा म्हणून मुरवण्या केल्या, गाळण्या केल्या, आणि आता ही पोर मला विचारत होती, वास काढता येतो का.

मी म्हटलं, लावता येतो, काढता येत नाही, आमच्या धंद्यात ती सोयच नाही. त्यावर ती म्हणाली, “मग डॉक्टर करतात तसं करा. त्या गोळ्या हळूहळू उतरवणार, तुम्ही वास हळूहळू उतरवा.”

एवढी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही तसं सुरू केलं. कोठीच्या तेलात बिनवासाचं तेल घालायचं, दर खेपेला जरा जास्त. डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली की सोनाली मला येऊन सांगते आणि मी फाया पातळ करते. आम्हा तिघींचं एकमत आहे, फक्त डॉक्टरीणबाईंना ते माहीत नाही. आणि डबीचा वास पूर्ण गेला की महाराजांचं तेल बंद, असं मी मुलाला बजावलंय. तो म्हणतो, ते दुसऱ्या दुकानातून घेतील. घेऊ देत. लोकांना काय हुंगायचं ते हुंगोत, निदान ती माझ्या कोठीची धूळ नसेल.

परवा यमुना आली. चहा झाला. तिनं डबी उघडून नाकाशी धरली, एकदा, मग पुन्हा. मी कुप्या पुसत होते. ती म्हणाली, “काकू, वास आता लय उतरलाय. निघाले वाटतं महाराज.”

मी म्हटलं, “काम झालं असेल त्यांचं. पोरगी बरी झाली, आता कशाला थांबतील?”

तिनं मान हलवली, झाकण लावलं आणि डबी टोपलीत ठेवली, रुमालात न बांधता. सोनाली पायरीवर आमच्याकडे पाठ करून शेवंत्या निवडत होती, आणि कपाटाच्या काचेत मला तिचं हसू स्वच्छ दिसत होतं.